बिअ‍ॅट्रिक्स पॉटर: सशाच्या गोष्टींवर उभी राहिलेली शेती

रानजाई:

पीटर ससा बहुतेकांना माहीत असतो. निळा कोट, मिस्टर मॅकग्रेगरची बाग, फाटकाखालून आत शिरणं, मुळे खाऊन पोट दुखणं. ती गोष्ट लिहिणाऱ्या बाईंविषयी मात्र पुस्तकांच्या मागच्या पानावर ठरावीक चार ओळी असतात. लंडनच्या श्रीमंत घरातली एकटी मुलगी, प्राणी पाळायची, त्यांची चित्रं काढायची, पुढे नाव झालं आणि मग खेड्यात जाऊन राहिली. यातलं शेवटचं वाक्य मला फार खटकतं. ती खेड्यात नुसती राहायला गेली नव्हती, शेती करायला गेली होती. आयुष्याची शेवटची तीस वर्षं तिनं मेंढ्या, कुरणं, दगडी बांध आणि भाडेकरू शेतकरी यांत घालवली आणि ते काम पुस्तकांपेक्षा कमी महत्त्वाचं मानलं नाही. म्हणून हा धागा.

जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधला. वडील रुपर्ट बॅरिस्टर, पण वकिलीवर घर चालवायची गरज नव्हती; आई-वडील दोघांच्याही माहेरा-घरचा पैसा लँकेशायरच्या सुती कापडातला. मुलीला शाळेत घातलं नाही, घरीच गव्हर्नेस, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, ठेवल्या. सहा वर्षांनी धाकटा भाऊ बर्ट्रम झाला. तो मोठा झाल्यावर शाळेसाठी बाहेर गेला, ही घरातच राहिली. वरच्या मजल्यावरच्या त्या अभ्यासाच्या खोलीत या दोघांनी ससे, उंदीर, बेडूक, हेजहॉग, वटवाघळं असं काय काय पाळलं होतं. एखादा प्राणी मेला की तो उकळून, हाडं वेगळी करून सांगाड्याची चित्रं काढायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिच्या पुस्तकातला कोट घातलेला ससा नीट बघा. कोटाच्या आत खांदा जिथे असायला हवा तिथेच असतो.

पंधरा वर्षांची असल्यापासून तिशीपर्यंत तिनं रोजनिशी लिहिली, तीही स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत. तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षं ती कोणालाच वाचता येईना. लेस्ली लिंडर या तिच्या चाहत्यानं अनेक वर्षं खटपट केली आणि १९५८ मध्ये त्याला धागा सापडला. एका पानावर रोमन आकड्यांत १६ आणि पुढे १७९३ असं दिसलं. फ्रान्सच्या सोळाव्या लुईला देहदंड दिला ते वर्ष! तिथून एकेक अक्षर सुटत गेलं. रोजनिशी १९६६ मध्ये छापून आली.

आता अळंब्या. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. पॉटर कुटुंब बऱ्याच उन्हाळ्यांत स्कॉटलंडमध्ये पर्थशायरला जाऊन राहायचं. तिथे चार्ल्स मॅकिंटॉश नावाचे पोस्टमन होते. पायी टपाल वाटता वाटता रानातल्या शेवाळांचा आणि अळंब्यांचा त्यांनी दांडगा अभ्यास केला होता. बिअ‍ॅट्रिक्सची त्यांच्याशी ओळख झाली आणि दोघांचा व्यवहार ठरला: हिवाळ्यात त्यांनी ताज्या अळंब्या टपालानं लंडनला पाठवायच्या, तिनं त्यांची चित्रं काढून धाडायची. त्यांनीच तिला सुचवलं की नुसतं देखणं चित्र काढून भागणार नाही, छत्रीखालच्या पडद्या दिसायला हव्यात, उभा छेद दाखवायला हवा. पुढे ती बीजाणू घरी रुजवायला लागली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना तंतू फुटताना पाहून त्याची चित्रं काढायला लागली. मामा-काका मंडळींपैकी सर हेन्री रॉस्को नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते, ते तिला लंडनजवळच्या क्यूच्या वनस्पती उद्यानात घेऊन गेले. संचालकांनी तिला फारशी किंमत दिली नाही. तरी तिनं निबंध पुरा केला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लिनियन सोसायटी या लंडनच्या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत मांडला गेला तो क्यूमधल्या जॉर्ज मॅसी यांच्या हातून, कारण बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. नंतर तो मागे घेण्यात आला आणि आज त्याची प्रत कुठेही सापडत नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, सोसायटीच्या वतीनं तिला दिलेल्या वागणुकीबद्दल दिलगिरी व्यक्त झाली.

ससा याच काळातला. तिची शेवटची गव्हर्नेस अ‍ॅनी कार्टर वयानं तिच्यापेक्षा थोडीच मोठी. ती लग्न करून मिसेस मूर झाली आणि तिला पुष्कळ मुलं झाली. त्यातला थोरला नोएल आजारी पडला. स्कॉटलंडहून ४ सप्टेंबर १८९३ रोजी बिअ‍ॅट्रिक्सनं त्याला चित्रांचं पत्र लिहिलं. काय लिहावं सुचत नाहीये, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, अशी त्याची सुरुवात. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला वाईट वाटू नये म्हणून त्याला बेडकाच्या मासेमारीची गोष्ट पाठवली. या दोन दिवसांतल्या दोन पत्रांतून पुढे दोन पुस्तकं झाली. नोएलनं पत्र जपून ठेवलं होतं हे आपलं भाग्य. काही वर्षांनी तिनं ते उतरवून घेण्यापुरतं परत मागून घेतलं.

सहाएक प्रकाशकांनी नकार दिल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये तिनं स्वखर्चानं २५० प्रती छापल्या. प्रकाशकांना पुस्तक मोठं हवं होतं. तिला ते लहान मुलाच्या हातात मावणारं आणि एक शिलिंगात मिळणारं हवं होतं, आणि या मुद्द्यावर ती हटली नाही. शेवटी फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी तयार झाली; त्यांची अट एवढीच, की चित्रं रंगीत हवीत. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक आलं. पहिल्या ८,००० प्रती बाजारात येण्याआधीच संपल्या होत्या.

लिहायचं अजून बरंच आहे, पण आधी कोणाला काय आठवतंय ते बघू.


तिरपी_रेघ:

रानजाई, वाचनखूण साठवली. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं अवघड आहे.

कोटाच्या आतल्या खांद्याबद्दल अगदी बरोबर. त्यापुढची एक गोष्ट बघा. पीटर बागेत पळतो तेव्हा आधी त्याच्या चपला हरवतात. चपला गेल्यावर तो चारही पायांवर पळायला लागतो आणि त्याचा वेग वाढतो, असं गोष्टीतच लिहिलंय. मग गूजबेरीच्या जाळीत कोटाची बटणं अडकतात. कोट टाकून देतो तेव्हाच तो सुटतो. म्हणजे कपड्यात असतो तोवर तो आईनं बजावलेला खोडकर मुलगा असतो, आणि जीव वाचवायची वेळ आली की नुसता ससा. हे तिनं कुठेही समजावून सांगितलेलं नाही. चित्र बघणाऱ्या पोराला ते आपोआप कळतं.

दुसरं म्हणजे पानांची मांडणी. एका बाजूला दोन-चार ओळी, समोर एक चित्र, भोवती मोकळा पांढरा कागद. वाक्य अशा ठिकाणी तोडलंय की पान उलटल्याशिवाय राहवत नाही. आजही आम्ही पुस्तकाची डमी (नमुना प्रत) करतो तेव्हा हेच करत असतो. तिनं तर स्वतः डमी बांधून प्रकाशकाला धाडल्या होत्या.

तिच्या ग्लॉस्टरच्या शिंप्याच्या गोष्टीतला तो भरतकामाचा कोट आठवतो का? साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात अठराव्या शतकातले कपडे एका अंधाऱ्या कोपऱ्यात काचेआड होते. ती तिथे उभी राहून चित्रं काढायची धडपड करत असे. मग तिथल्या कारकुनानं सांगितलं, की हवा तो कपडा बाहेर काढून कचेरीतल्या टेबलावर ठेवून देतो. याचा तिला केवढा आनंद झाला होता ते तिनं प्रकाशक नॉर्मन वॉर्नला लिहिलेल्या पत्रात आहे. त्या पुस्तकातला टाका न् टाका बघण्यासारखा आहे.


अळंबी:

रानजाईताई, बीजाणू रुजवणं म्हणजे नेमकं काय ते थोडं सांगतो, कारण ते काम किती चिकाटीचं आहे हे वाचताना कळत नाही.

अळंबीच्या छत्रीखालून जी पूड झडते ते बीजाणू. ही पूड काचेवर, ओलाव्यात, योग्य तापमानाला ठेवायची. बऱ्याच जाती लवकर रुजतच नाहीत, काही तर कधीच नाहीत. त्यात हवेतली बुरशी येऊन बसते आणि मूळची कुठली, नवी कुठली हे ओळखू येत नाही. आज आमच्याकडे निर्जंतुक कपाट असतं. तिच्याकडे होतं स्वयंपाकघर आणि भावाचा सूक्ष्मदर्शक. त्या काळच्या विद्यापीठांत बसून लोक जे करत होते ते ती घरी करत होती.

एक मात्र जपून बोलायला हवं. तिनं मोठा शोध लावला होता आणि तो दाबला गेला, असं समाजमाध्यमांवर वारंवार फिरतं. निबंधच हाती नसल्यामुळे असं म्हणायला आधार नाही. चित्रं मात्र हाती आहेत आणि तेवढी पुरेशी आहेत. त्यातली शेकडो अ‍ॅम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात आहेत. १९६७ मध्ये ब्रिटनमधल्या अळंब्या ओळखण्याचं एक पुस्तक निघालं, त्यात तिची चित्रं वापरली. सत्तर वर्षांनंतरही चित्रावरून जात ओळखता येते, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठल्या सोसायटीनं द्यायचं?


जुनी_पेठ:

लेख चांगला आहे, पण एक बाजू राहतेय. लँकेशायरचं कापड हा उल्लेख एका ओळीत उरकलात. तिचे आजोबा एडमंड पॉटर यांचा डर्बीशायरमधल्या ग्लॉसपजवळ छापील सुती कापडाचा प्रचंड कारखाना होता आणि ते पार्लमेंटातही होते. लँकेशायरच्या कापडाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. आपल्याकडचा कापूस मुंबई बंदरातून तिकडे जायचा, तिकडचं कापड इकडे यायचं आणि इथला हातमाग बसायचा. १९०५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. तेव्हा तिकडे या बाई पहिलं शेत विकत घेत होत्या. अशा घरातल्या मुलीला अळंब्या उकरायला सवड मिळणारच. नोकर, गव्हर्नेस, उन्हाळ्यात स्कॉटलंड. कामगाराच्या मुलीला हे सगळं कुठून मिळालं असतं?


रानजाई:

काका, मुद्दा योग्य आहे आणि तो मांडलात हे बरं झालं. बालपणीची सवड, पुस्तकं, रंग, सूक्ष्मदर्शक, हे सगळं कापडाच्याच पैशातलं. त्याबद्दल वाद नाही.

पण तुम्ही म्हणता त्या पहिल्या शेताचे पैसे मात्र मुख्यतः पुस्तकांचे होते, जोडीला नात्यातून वारशानं आलेली थोडी रक्कम. आणि ते तिला इतकं हवं का होतं याचं कारणही त्याच घरात आहे. पस्तिशी उलटलेली बाई, पुस्तकं धडाधड खपतायत, तरी प्रकाशकाच्या कचेरीत जायचं तर आईची परवानगी. दोन खट्याळ उंदरांच्या गोष्टीसाठी तिला बाहुलीचं घर बघून चित्रं काढायची होती. ते घर नॉर्मन वॉर्ननं आपल्या पुतणीसाठी बनवलं होतं आणि ती राहायची लंडनजवळच्या सर्बिटनला. आईनं जाऊ दिलं नाही. मग नॉर्मननं फोटो काढून पाठवले आणि फोटोंवरून चित्रं झाली.

नॉर्मननं २५ जुलै १९०५ रोजी पत्रातून लग्नाची मागणी घातली. तिनं होकार दिला. आई-वडिलांचा विरोध, कारण प्रकाशक म्हणजे धंदेवाला माणूस! ज्यांचं सगळं ऐश्वर्य कापडाच्या धंद्यातून आलेलं, त्यांनीच हे म्हणावं. तरी तिनं अंगठी घातली. बरोबर एका महिन्यानं, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगानं गेला. वय सदतीस. साखरपुडा जाहीरही झाला नव्हता, त्यामुळे तिला चारचौघांत शोकही करता आला नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिनं उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या भागातल्या निअर सॉरी या गावातलं हिल टॉप हे शेत घेतलं. तिथे जॉन कॅनन आधीपासून शेती बघत होता, त्याला तिनं कुटुंबासकट ठेवून घेतलं. कॅननची बायको, त्यांची मुलं, कोंबड्या, बदकं, घरातले उंदीर, सगळे पुढच्या पुस्तकांत आले. जेमायमा बदकीण अंडी उबवायला जागा शोधत फिरते ते हेच शेत. पुढची सात-आठ वर्षं तिचं सगळ्यात जोमाचं लेखन इथेच झालं, आणि तेही लंडनला आई-वडिलांची उस्तवार करता करता, मिळेल त्या सवडीत.


मधुरा_लँकेशायर:

मी प्रेस्टनला राहते, त्यामुळे हिल टॉप आमच्यापासून फार लांब नाही. भारतातून कोणी आलं की तिकडे जाणं होतंच. बोनेसहून फेरीबोटीनं विंडरमियर तळं ओलांडायचं आणि पुढे चढाचा अरुंद रस्ता. घर लहान असल्यामुळे वेळ ठरवूनच आत सोडतात, तिकीट आधी काढून ठेवा.

आत गेल्यावर हातात पुस्तक हवंच. उंदरांनी मांजराच्या पिल्लाला कणकेत गुंडाळून पुडिंग करायचं ठरवलं ती गोष्ट घ्या. त्यातला जिना, तो कोनाडा, स्वयंपाकघरातली काळी चूल, लाकडी कपाट, सगळं चित्रातल्यासारखं समोर असतं. पान उघडून धरायचं आणि मान वर करून बघायचं. मुलं वेडी होतात. विकत घेतलं तेव्हा त्या घरात उंदरांचा खरोखर सुळसुळाट होता, गोष्ट तिथूनच सुचली.

लोकांचा एक गैरसमज असतो की ती कायम त्याच घरात राहिली. लग्नानंतर ती समोरच्या कासल कॉटेजमध्ये राहायची आणि हिल टॉप तिनं स्वतःच्या कामासाठी, आपल्या आवडीच्या वस्तूंनी सजवून तसंच ठेवलं. १९४६ पासून ते लोकांना बघायला खुलं आहे.

रानजाई, तिच्या नवऱ्याबद्दल, हीलिस वकिलांबद्दल लिहा ना. हॉक्सहेडमधल्या त्यांच्या जुन्या कचेरीत पुढे तिची मूळ चित्रं लावली गेली.


रानजाई:

मधुरा, लिहितेच.

आणखी जमीन घ्यायची तर आजूबाजूला काय विकायला निघतंय, हद्दी कुठल्या, पाण्याचा हक्क कोणाचा, हे बघणारा माणूस लागतो. हॉक्सहेडचे विल्यम हीलिस ते काम बघायचे. १९०९ मध्ये कासल फार्मचा व्यवहार त्यांनीच केला. ओळख व्यवहारांतून वाढली. १९१२ मध्ये त्यांनी मागणी घातली. घरचे पुन्हा नाराज, कारण गावातला वकील. या वेळी बर्ट्रम मदतीला आला. त्यानं घरी सांगून टाकलं की आपण स्वतः अकरा वर्षांपूर्वी गुपचूप लग्न करून स्कॉटलंडमध्ये शेती करतोय! १५ ऑक्टोबर १९१३ रोजी लग्न झालं तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर गावात ती मिसेस हीलिस, आणि तिला तेच नाव आवडायचं.

पुस्तकं नंतर कमी झाली. डोळे थकले होते आणि वेळही नव्हता. १९१७ मध्ये नॉर्मनचा भाऊ हॅरॉल्ड बनावट हुंड्यांच्या प्रकरणात पकडला गेला, तुरुंगात गेला, कंपनी बुडायला आली. तिचेही पैसे थकले होते. तरी तिनं जुन्या चित्रांतून नवं पुस्तक जुळवून दिलं आणि कंपनी सावरली. व्यवहाराला ती कच्ची नव्हती. १९०३ मध्येच तिनं पीटरची बाहुली स्वतः शिवून तिचं पेटंट घेतलं होतं. पाठोपाठ पटावरचा खेळ, भिंतीचा कागद. पुस्तकातल्या पात्रावरून अशा वस्तू रीतसर काढण्याची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. अमेरिकेत मात्र वॉर्न कंपनीकडून हक्कांची नोंदणी राहून गेली आणि तिथे चोरट्या आवृत्त्यांचा सुकाळ झाला. त्या पैशातला एक सेंटही तिला मिळाला नाही.


भिमथडी:

रानजाई, शेळ्या-मेंढ्यांचा डॉक्टर या नात्यानं थोडं लिहितो. तिनं १९२३ मध्ये ट्राउटबेक पार्क हे सुमारे दोन हजार एकरांचं डोंगरी शेत घेतलं. तिथल्या कळपात लिव्हर फ्लूकचा मोठा उपद्रव होता. ज्यांनी मेंढ्या सांभाळल्यात त्यांना हे किती जिवावरचं असतं ते कळेल.

हा पानासारखा चपटा जंत. मेंढीच्या यकृतात राहतो, अंडी लेंडीतून बाहेर पडतात. ती पाणथळ जागी पडली तर फुटून आतली अळी चिखलातल्या छोट्या गोगलगाईच्या अंगात शिरते, तिथे वाढते, बाहेर येऊन गवताच्या पात्याला चिकटते. ते गवत दुसऱ्या मेंढीनं खाल्लं की चक्र पुरं. मेंढी खंगत जाते, डोळ्याच्या आतली पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं, आणि ऐन विण्याच्या हंगामात मरते. नुसतं औषध पाजून भागत नाही, चर खणून पाणी काढून द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी तेच. आपल्याकडे ओढ्याकाठी, धरणाच्या फुगवट्यालगत चरणाऱ्या कळपांत हेच दिसतं, फक्त जंताची जात थोडी वेगळी. त्या बाईंनी त्या वेळची नवी औषधं आणली, चांगल्या मेंढपाळांना जास्त पगार देऊन बोलावलं आणि तो कळप सावरला. घरी बीजाणू रुजवून बघणाऱ्या बाईला गोगलगाईचं चक्र समजावून सांगावं लागलं नसणार.

हर्डविक या तिथल्या मेंढीच्या जातीबद्दल सांगितलं पाहिजे. कोकरू जन्मतं काळं कुळकुळीत आणि वयाबरोबर राखाडी होत जातं. लोकर जाडीभरडी, बाजारात भाव कमी. पण बर्फात, वाऱ्यात, उघड्या डोंगरावर टिकावी तर हिनंच. कुंपण नसलेल्या डोंगरावर प्रत्येक कळप आपापला तुकडा सोडून जात नाही, कारण आईबरोबर हिंडताना कोकरू तो शिकतं आणि पुढे आपल्या कोकरांना शिकवतं. म्हणून शेत विकलं तरी कळप त्या डोंगरावरच ठेवायची तिथे रीत आहे. एकदा कळप मोडला की दुसरीकडून मेंढ्या आणून ते ज्ञान परत येत नाही. २००१ मध्ये लाळ्या-खुरकतीच्या साथीत तिकडे अतोनात जनावरं मारावी लागली, तेव्हा हीच भीती होती.


रानजाई:

डॉक्टर, तुमच्या या प्रतिसादासाठी तरी धागा काढल्याचं सार्थक झालं. कळप आणि डोंगर यांची ही गाठ तिला नेमकी समजली होती आणि पुढचे सगळे व्यवहार तिनं त्यावरूनच केले.

टॉम स्टोरी हा तिचा मेंढपाळ. प्रदर्शनात तिच्या मेंढ्या बक्षिसं घ्यायला लागल्या त्यात त्याचा मोठा वाटा. ती स्वतः परीक्षक म्हणून बसायची, कळपाच्या वह्या ठेवायची, पावसात लाकडी तळव्याचे जोडे घालून कुरणात फिरायची. १९४३ मध्ये हर्डविक मेंढीपालक संघटनेनं पुढच्या अध्यक्षपदासाठी तिची निवड केली. पहिलीच बाई. पद स्वीकारण्याआधीच ती गेली.

जमीन जपण्याचं मूळ फार आधीचं. सोळा वर्षांची असताना कुटुंब प्रथमच लेक डिस्ट्रिक्टमध्ये उन्हाळ्यासाठी आलं, तेव्हा तिथले धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली यांची ओळख झाली. त्यांनीच पुढे १८९५ मध्ये आणखी दोघांबरोबर नॅशनल ट्रस्ट हा जमिनी आणि जुन्या वास्तू जपणारा न्यास स्थापन केला. विंडरमियर तळ्यावर पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचा कारखाना यायचा होता, तेव्हा १९११-१२ मध्ये तिनं त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, लेख लिहिले. १९२७ मध्ये तळ्याकाठची एक पट्टी बांधकामाच्या तोंडी जाणार होती. तेव्हा तिनं पन्नास चित्रं स्वतः काढून, सही करून अमेरिकेत विक्रीला पाठवली आणि पैसे उभे केले. १९३० मध्ये मंक कॉनिस्टनची चार हजार एकरांहून मोठी मालमत्ता विकायला निघाली. तुकडे पडून ती बिल्डरांच्या घशात गेली असती. तिनं ती सगळी घेतली, निम्मी ट्रस्टला घेतल्या भावात दिली आणि सगळ्याची व्यवस्था काही वर्षं स्वतः पाहिली. छप्परं, बांध, भाडी, झाडतोड, सगळ्यांचा पत्रव्यवहार तिच्या हातचा.

२२ डिसेंबर १९४३ रोजी कासल कॉटेजमध्ये ती गेली. रक्षा टॉम स्टोरीनं हिल टॉपच्या वरच्या रानात विखुरली. नेमकी कुठे, हे त्यानं गावाला कधी सांगितलं नाही. मागे चार हजार एकरांहून जास्त जमीन, चौदा-पंधरा शेतं आणि कळप ट्रस्टला, आणि डोंगरावरच्या शेतांत शुद्ध हर्डविकच पाळायच्या ही अट.


कुंपणावर:

इतक्या चांगल्या धाग्यात थोडा वेगळा सूर लावते. माझी मुलगी चार वर्षांची. पीटरच्या गोष्टीत अगदी सुरुवातीलाच आई सांगते की तुमच्या वडिलांना त्या बागेत अपघात झाला, मिसेस मॅकग्रेगरनं त्यांना पेस्ट्रीत घालून भाजलं. मुलगी एकदम गप्प झाली. मी ते वाक्य गाळून वाचायला लागले. कोल्हा बदकिणीकडून मसाल्याची पाती गोळा करून आणवतो, तिच्याच पोटात भरायला! इतक्या लहान मुलांना हे कशाला?


तिरपी_रेघ:

कुंपणावर, पहिल्या आवृत्त्यांमध्ये तर मिसेस मॅकग्रेगर ती डिश घेऊन उभी आहे असं चित्रही होतं. ते नंतर गाळलं, वाक्य मात्र राहिलं.

माझं मत विचाराल तर वाक्य गाळू नका. त्या वाक्यामुळेच पुढची पळापळ खरी वाटते. पीटर पकडला गेला तर काय होईल हे मुलाला माहीत असतं, म्हणून ते पाण्याच्या झारीत लपलेल्या सशाबरोबर श्वास रोखून बसतं. आणि शेवटी आई असतेच, अंथरुण असतं, काढा असतो. लेखिकेनं भीती दाखवली, पण मुलाला त्या भीतीत एकटं सोडलं नाही.


भिमथडी:

+१. शेतावरच्या मुलांना कोंबडी कुठे जाते ते माहीत असतं. बाईंच्या शेतावर डुकरं, कोकरं विकली जायची, डुकराचं मांस खारवून टांगलेलं असायचं. प्राण्यांवर जीव होता, पण शेतीत काय चालतं ते त्यांनी मुलांपासून लपवलं नाही.


जुनी_पेठ:

रानजाई, समाधान झालं. कापडाच्या पैशानं सुरू झालेली गोष्ट शेवटी सार्वजनिक जमिनीत जमा झाली, हा हिशेब मला मान्य आहे. निवाडा नंतर करू. नातवाला एक पुस्तक घ्यायचंय, सहा वर्षांचा आहे. कुठून सुरुवात करावी? आणि ही चित्रं वापरून आपल्याकडे कोणी मराठीत स्वस्त आवृत्ती काढू शकेल का? हक्क अजून कोणाकडे आहेत?


रानजाई:

काका, सहा वर्षांच्या मुलाला पीटर आणि जेमायमा लगेच आवडतील. ग्लॉस्टरचा शिंपी तुम्ही वाचून दाखवा. ती तिची स्वतःची सगळ्यात लाडकी गोष्ट होती, पण वाक्यं लांब आहेत. कोल्हा आणि बिज्जूची गोष्ट आठ-नऊ वर्षांसाठी ठेवा, ती चांगलीच अंधारी आहे. मोठ्या जाडजूड संग्रहापेक्षा सुटी छोटी पुस्तकं घ्या. एकूण तेवीस आहेत, दोन-तीन पुरतात. तो आकार तिनं हट्टानं ठरवलेला आहे.

हक्कांचं असं: लेखक गेल्यानंतर आपल्याकडे साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून तिच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं आणि त्यातली चित्रं भारतात २००४ पासून खुली आहेत. ब्रिटनमध्ये मुदत सत्तर वर्षांची, तिथे २०१४ पासून. पण पात्रांची नावं आणि चित्रं व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेली आहेत आणि वॉर्न कंपनी १९८३ पासून पेंग्विनकडे आहे. त्यामुळे पुस्तक काढणं वेगळं आणि मुखपृष्ठावर त्यांचं बोधचिन्ह लावणं किंवा डब्यांवर ससा छापून विकणं वेगळं. कोणी खरंच काढणार असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. तिरपी_रेघ, तू मनावर घेतलंस तर मजकूर करून द्यायला मी तयार आहे.


तिरपी_रेघ:

घेतलं मनावर. चित्रं तिचीच ठेवायची, माझा हात त्यात नको. मांडणी आणि अक्षरं मी बघते. आकार तोच ठेवू, आणि किंमत वडापावाच्या आसपास बसते का ते आधी छापखान्यात विचारून इथेच लिहिते.